नमुना ८ वर नाव चुकलंय, त्यामुळे तेलघाण्याचं कर्ज अडलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. घरच्या करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल लाकडी घाण्यावर काढून विकायचं ठरवलंय. उद्यम नोंदणी आधारवर फुकटात, घरबसल्या झाली. अन्न परवान्याची नोंदणीही फोनवरूनच केली. तालुक्याला एकही खेप न घालता एवढं झालं, याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

मग पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अर्ज केला (३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख). बँकेने शेडच्या जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी रजिस्टरचा उतारा) मागितला. जागा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांचं संमतीपत्रही ५०० च्या स्टँपवर करून घेतलं. पण आधारवर आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात ‘दत्तात्रय’, तर ऑनलाइन उताऱ्यावर ‘दत्तु’! रजिस्टर संगणकावर चढवताना गावात हाक मारतात तेच नाव पडलं असावं. नाव जुळत नाही म्हणून फाइल परत आली. थ्री फेज मीटरचा अर्जही तिथेच थांबलाय.

पूर्वी ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर बघून हातानं उतारा लिहायचे, सही-शिक्का मारायचे, काम व्हायचं. आता हाती लिहिलेला उतारा बँक घेत नाही. ग्रामपंचायतीचा संगणक ऑपरेटर म्हणतो, मासिक सभेचा ठराव आणा. ठराव झाला, तर म्हणतो दुरुस्तीचं लॉगिन वरून उघडावं लागतं. दोन महिने झाले. त्या मुलावर माझा राग नाही, तीन गावांचं काम एकट्याकडे आहे.

लोकसेवा हक्क कायद्यात (२०१५) नमुना ८ चा उतारा देणं येतं, हे मला माहीत आहे. पण उताऱ्यातली दुरुस्तीही त्यात धरतात का? मुदतीत झाली नाही तर अपील करता येईल का, की गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देणंच बरं?

दुसरं, जुन्या रजिस्टरची प्रमाणित प्रत आणि ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र जोडल्यावर कोणाच्या बँकेने कर्ज मंजूर केलंय का? केलं असेल तर मजकूर काय होता, तेवढा इथे टाका.

करडईची रास झालीय. पोती अजून व्यापाऱ्याला घातलेली नाहीत, म्हणून घाई आहे.