घोड्याला त्रास होत आहे हे जाणवल्यावर थांबण्याची जबाबदारी जॉकीची किती?

वाटसरू

घोड्यांच्या शर्यती मी अनेक वर्षे आस्थेने पाहत आलो आहे आणि या खेळावर माझे प्रेम आहे, म्हणूनच हा प्रश्न येथे मांडत आहे. शर्यतीत घोडा जायबंदी झाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एक बाजू सगळा दोष जॉकीच्या चाबकावर टाकते. दुसरी बाजू ‘अपघात होता, कोणाच्याच हातात काही नव्हते’ असे म्हणून विषय मिटवून टाकते. दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही.

जॉकीवर नियमांनी दोन कर्तव्ये सोपवली आहेत. आपल्या घोड्याला शक्य तितका वरचा क्रमांक मिळावा म्हणून त्याने शेवटपर्यंत प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो, कारण तसे न केल्यास पैज लावणाऱ्यांची फसवणूक झाल्याचा संशय येतो आणि चौकशी लागते. त्याच वेळी दमलेल्या किंवा दुखावलेल्या घोड्याला पुढे दामटायचे नसते. ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड येतात ती नेमकी शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, जेथे विचार करायला मोजके सेकंद मिळतात. घोड्याला काही होत आहे हे पाठीवरच्या माणसाला खरोखर कळते का, कळत असेल तर किती आधी, आणि केवळ संशयावरून लगाम खेचणाऱ्या जॉकीच्या पाठीशी कोण उभे राहते, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

अश्ववैद्य

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरीररचनेतून द्यावे लागेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भरधाव धावणाऱ्या घोड्याच्या प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर असतो, आणि तो भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो. घोडा ४५० ते ५०० किलोचा धरला, तर मनगटाएवढ्या जाडीच्या त्या भागावर एक टनाहून अधिक जोर येतो, तोही ताशी ६० किलोमीटरच्या वेगात. हा जोर सर्वाधिक बसतो तो खुराच्या वरच्या सांध्यावर, ज्याला फेटलॉक म्हणतात. शर्यतीतल्या प्राणघातक अस्थिभंगांपैकी सर्वाधिक याच सांध्याच्या आसपास होतात.

मात्र हे अस्थिभंग त्या एका पावलात जन्माला येत नाहीत. वारंवार ताण पडला की हाडात सूक्ष्म तडे जातात आणि शरीर खराब झालेला भाग काढून तेथे नवे हाड घालते. ही दुरुस्ती संथ असते, आणि जुना भाग निघून नवा पुरता भरण्यापूर्वीच्या काळात ते हाड आधीपेक्षा कमकुवत असते. त्या आठवड्यांत जोरदार सराव चालू राहिला, किंवा दीर्घ विश्रांतीनंतर घोड्याला घाईने वेगात आणले, तर तडे भरण्यापेक्षा वाढण्याचा वेग जास्त होतो. कॅलिफोर्नियात १९९० पासून शर्यतीच्या मैदानांवर दगावलेल्या घोड्यांचे शवविच्छेदन केले जाते. त्यातून पुन्हा पुन्हा पुढे आलेली गोष्ट अशी की, जीवघेणा अस्थिभंग झालेल्या बहुसंख्य घोड्यांच्या त्याच भागात आधीपासूनची इजा सापडते. म्हणजे ‘अचानक’ मोडलेला पाय बहुतेक वेळा अचानक मोडलेला नसतो, आणि जॉकी खोगिरावर बसण्यापूर्वी कितीतरी दिवस प्रशिक्षक आणि पशुवैद्य यांची जबाबदारी सुरू झालेली असते.

यात वेदनाशामकांचा भाग मोठा आहे. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की सूज आणि लंगडणे कमी होते, पण हाडातला तडा तसाच राहतो. इशारा तेवढा बंद होतो. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाने सांध्यातील अशा इंजेक्शननंतर १४ दिवस शर्यतीस आणि ७ दिवस वेगाच्या सरावास बंदी घातली आहे, ती याच कारणासाठी. जो घोडा औषधामुळे लंगडत नाही, त्याच्या पाठीवरचा जॉकी काहीही जाणू शकणार नाही.

आता जॉकीकडे येतो. घोडा स्वतःहून थांबेल, हा समज धोकादायक आहे. तो कळपात धावणारा प्राणी आहे, आणि धावण्याच्या आवेशात त्याला वेदना पुरती जाणवत नाही. १९७५ साली न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन या घोडीचा पुढचा पाय मोडला, तेव्हा जॉकी तिला आवरण्याचा आटोकाट प्रयत्न करत असतानाही ती मोडलेल्या पायावर धावत राहिली आणि इजा दुरुस्तीपलीकडे गेली. याउलट, १९९९ च्या बेलमाँट स्टेक्समध्ये करिस्मॅटिक या घोड्याचा पाय निकामी होताच जॉकी ख्रिस अँटलीने त्याला आवरले, तो खाली उतरला आणि घोड्याला त्या पायावर भार टाकता येऊ नये म्हणून पाय हातांत उचलून धरला. तो घोडा वाचला आणि पुढे अनेक वर्षे जगला. मोडलेल्या हाडाभोवतीची त्वचा आणि रक्तवाहिन्या शाबूत राहिल्या तर शस्त्रक्रियेला वाव असतो, आणि मोडल्यानंतरच्या प्रत्येक ढांगेबरोबर तो वाव कमी होतो.

जॉकीने सर्व काही योग्य करूनही घोडा वाचेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. २००६ च्या प्रीकनेस शर्यतीत बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय सुरुवातीलाच मोडला आणि एडगर प्राडोने त्याला तत्काळ थांबवले. उत्तम शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने उपचार झाले, तरी इतर पायांवर वाढलेल्या भारामुळे खुरांच्या आतल्या स्तरांचा दाह झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले.

रिकीब

मी काही काळ सकाळच्या सरावात घोडे दौडवण्याचे काम केले आहे, त्यामुळे पाठीवरून काय कळते ते सांगू शकेन.

कळते, पण स्पष्ट शब्दांत कळत नाही. धावताना घोड्याचा एक पुढचा पाय आघाडीचा असतो. वळणावर तो आतल्या बाजूचा पाय आघाडीला ठेवतो आणि सरळ पट्ट्यात आला की पाय बदलतो, कारण पहिला पाय दमलेला असतो. निरोगी घोड्याने पाय बदलला की पाठीखाली नवा जोर आल्यासारखे वाटते. ज्या घोड्याचे कोठेतरी दुखत असते तो पाय बदलायला नाखूष असतो, किंवा पुन्हा पुन्हा बदलत राहतो, एका बाजूला झुकतो, ढांग आखडती घेतो. कधी यातले काहीच होत नाही, फक्त नेहमीची लय हरवलेली असते. तोच घोडा रोज दौडवणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. शर्यतीच्या दिवशी प्रथमच त्या घोड्यावर बसलेल्या जॉकीला मात्र तो घोडा एरवी कसा धावतो हे ठाऊकच नसते, म्हणून सुरुवातीच्या फाटकाकडे जातानाची संथ दौड मला फार महत्त्वाची वाटते. त्या दोन मिनिटांत घोड्याचे पाऊल पारखून, शंका आली तर फाटकापाशी उभ्या असलेल्या पशुवैद्याला सांगण्याचा अधिकार जॉकीला असतो, आणि पशुवैद्य घोड्याला शर्यतीतून वगळू शकतो.

हा अधिकार का वापरला जात नाही, हे ज्यांनी तबेल्यात दिवस काढले आहेत त्यांना सांगावे लागत नाही. जॉकीला पुढचा घोडा मिळणे प्रशिक्षकाच्या आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याने घोडा परत नेला आणि तपासणीत काहीच निघाले नाही, तर उघड शिक्षा कोणी करत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे नाव यादीत नसते, एवढेच. नावाजलेला जॉकी हे सोसू शकतो, पण महिन्यातून चार-दोन घोडे मिळणारा उमेदवार मुलगा ते सोसू शकत नाही. त्यातच वजन राखण्यासाठी अन्नपाणी तोडून, घाम काढून तो खोगिरावर बसलेला असतो. शरीरातले पाणी कमी झालेल्या माणसाचा निर्णय मंदावतो, आणि येथे तर निर्णयासाठी एक-दोन सेकंदच असतात. घोड्याच्या हिताची काळजी असणाऱ्यांनी जॉकीच्या शरीराचीही काळजी केली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

सायंतारा

वरील दोन्ही प्रतिसादांतून पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु त्यांत जॉकीची जबाबदारी थोडी हलकी झाली असे माझे मत आहे. हाडातला तडा त्याला दिसत नाही, हे मान्य. चाबूक मात्र त्याच्याच हातात असतो आणि तो उगारायचा की नाही हे त्याच क्षणी तोच ठरवतो.

चाबकाने घोडा जोरात धावतो ही समजूत अभ्यासात टिकलेली नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये शेवटच्या ४०० मीटरमधील फटके आणि वेग यांची सांगड घालून पाहिली, तेव्हा दमलेल्या घोड्यांच्या कामगिरीत फटक्यांमुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाबूक वापरण्याची मुभा असलेल्या आणि नसलेल्या शर्यतींची तुलना झाली. त्यात वेळ, घोड्यावरचे नियंत्रण आणि सुरक्षितता यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी सिडनी विद्यापीठातील संशोधनाने दाखवले की घोड्याची बाह्यत्वचा माणसापेक्षा जाड नाही आणि तिच्यातील वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोकेही माणसापेक्षा विरळ नाहीत. चाबकाला मऊ आवरण आले म्हणून वेदना संपली, असे मला म्हणवत नाही. नॉर्वेने घोड्याला वेगासाठी चाबूक मारणे १९८२ मध्येच बंद केले आणि तेथे शर्यती आजही होतात.

नियमांचा धाक कोठे अपुरा पडतो याचे उदाहरण २०११ च्या ग्रँड नॅशनल या ब्रिटनमधील अडथळ्यांच्या मोठ्या शर्यतीत दिसले. विजेत्या घोड्याच्या जॉकीला चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांची बंदी झाली, पण विजय कायम राहिला आणि बक्षीसही. जॉकीला बक्षिसातला ठरावीक हिस्सा मिळतो. तेव्हा मोठ्या शर्यतीत बंदी ही केवळ जिंकण्याची किंमत ठरते, आणि ती किंमत मोजायला मालकाची ना नसते. ब्रिटनने २०२३ पासून सपाट शर्यतीत ६ आणि अडथळ्यांच्या शर्यतीत ७ फटक्यांची मर्यादा घातली, आणि मर्यादेहून ४ किंवा अधिक फटके मारल्यास घोडाच अपात्र ठरवण्याची तरतूद केली. माझ्या दृष्टीने यात फटक्यांच्या आकड्यापेक्षा अपात्रतेला अधिक महत्त्व आहे, कारण तीमुळे मालक आणि प्रशिक्षक यांनाही जॉकीने हात आवरावा असे प्रथमच मनापासून वाटू लागते.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता माझ्या मनात प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. केवळ जॉकीच्या सदसद्विवेकावर विसंबायचे, तर रिकीब यांनी सांगितलेला उमेदवार मुलगा प्रत्येक वेळी एकटा पडणार. संशयावरून घोडा आवरणाऱ्याला संरक्षण देणारी काही पद्धत असू शकते का?

अश्ववैद्य

असू शकते, आणि तिचे काही भाग अस्तित्वात आहेत. ब्रिटनमध्ये स्पष्टपणे दमलेल्या किंवा दुखावलेल्या घोड्याला पुढे नेल्याबद्दल जॉकीवर कारवाई होते, त्यामुळे घोडा आवरणाऱ्याला नियमाचा आधार आहे. मात्र तपासणीत इजा आढळली नाही तरी त्याच्या निर्णयावर शंका घेतली जाणार नाही, हे स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख ठेवणाऱ्या पंचांनी, उघडपणे सांगायला हवे. सकाळी ठणठणीत दिसणाऱ्या पायातला तडा स्कॅनशिवाय मलाही सापडत नाही. मग ढांगेवरून शंका घेणाऱ्या जॉकीकडून पुरावा मागणे रास्त नाही.

सुधारणा होऊ शकते याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार २००९ मध्ये घोडा शर्यतीत उतरल्याच्या दर १,००० वेळांमागे २.०० घोडे दगावत होते. २०२३ मध्ये हे प्रमाण १.३२ वर आले. कॅलिफोर्नियातील सांता अनीता या शर्यतीच्या मैदानावर २०१८-१९ च्या हंगामात सुमारे ३० घोडे दगावल्यानंतर तेथे शर्यतीपूर्वीच्या तपासण्या, औषधांचे निर्बंध आणि स्कॅनची सोय वाढवण्यात आली. खोगिराखालच्या कापडात बसवून ढांगेतील बदल टिपणारी उपकरणेही आता वापरून पाहिली जात आहेत. त्यांचा मोठा लाभ मला असा दिसतो की जॉकीच्या सांगण्याला नोंदीची जोड मिळेल.

रिकीब

माझी त्यात एक भर. शर्यत संपल्यावर प्रत्येक जॉकीने घोड्याच्या ढांगेविषयी दोन ओळी लिहून पशुवैद्याकडे द्याव्यात, घोडा जिंकलेला असला तरीही. आज जॉकी उतरताना प्रशिक्षकाला ‘डावीकडे ओढत होता’ एवढे सांगतो आणि ते तेथेच विरते. पुढच्या शर्यतीला त्या घोड्यावर दुसराच जॉकी बसतो, कधी तबेलाही बदललेला असतो, आणि नव्या माणसाला आधीचे काहीच ठाऊक नसते. ही नोंद घोड्याबरोबर फिरली, तर फाटकाकडे जाताना तो कशाकडे लक्ष द्यायचे हे जाणून खोगिरावर बसेल, आणि त्याने घोडा परत नेला तर तो निर्णय त्याच्या एकट्याचा राहणार नाही.