पंच ईव्हीला मडफ्लॅप बसवायचेत, कोल्हापुरात कुठे आणि कसे? सल्ला हवा

साळवण_रोड

नमस्कार मंडळी. मी फुलेवाडीत राहते, शाळा साळवणच्या पुढे. रोज गगनबावडा रस्त्यानं जाणं-येणं, गाडी टाटा पंच ईव्ही. जून उजाडला की बालिंग्याच्या पुढं रस्ता कसा होतो ते इथल्या माणसांना सांगायला नको. घरी पोचेपर्यंत दोन्ही बाजूची दारं निम्म्यापर्यंत तांबडी झालेली असतात. उतरताना साडी दाराखालच्या पट्टीला घासते आणि तो तांबडा डाग धुऊन जात नाही. मागचा कॅमेराही चिखलानं भरतो, रिव्हर्स घेताना पडद्यावर काही दिसत नाही.

म्हणून चारही चाकांना मडफ्लॅप बसवायचे ठरवलंय. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली तर ते म्हणाले, "ताई, चार भोकं मारली की झालं, पंधरा मिनिटांचं काम." भोकं म्हटल्यावर मी गाडी घेऊन परत आले. खाली सगळी बॅटरी आहे, तिथं ड्रिल मारू द्यायचं का? शिवाय फ्लॅपमुळं रेंज (एका चार्जिंगमधे गाडी जाते ते अंतर) कमी होते का, आणि पेट्रोल पंचचे फ्लॅप ईव्हीला बसतात का? ज्यांनी बसवलेत त्यांनी कृपया सांगावं.

उद्यमनगर_फिटर

ताई, परत आलात ते फार बरं केलंत. आधी बॅटरी कुठं असते ते सांगतो, म्हणजे कुठं हात लावायचा आणि कुठं नाही ते आपोआप कळेल. बॅटरीचा पॅक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, तळाला सपाट बसवलेला असतो. पुढचा फ्लॅप बसतो पुढच्या चाकाच्या मागं, म्हणजे जिथं दाराखालची पट्टी सुरू होते तिथं. तिथून पॅक लांब नाही. मागचा फ्लॅप बसतो मागच्या चाकाच्या मागं, बंपरच्या प्लास्टिकच्या कडेला. तिथं पॅक नाही. त्यामुळं चारही कोपऱ्यांना एकच नियम लावून चालत नाही. जो माणूस चारही ठिकाणी सारखंच ड्रिल मारतो त्याला ईव्हीची रचना ठाऊक नाही असं खुशाल समजा.

हाय व्होल्टेजच्या वायरींवर नारिंगी आवरण असतं आणि त्यातून शेकडो व्होल्ट जातात. गाडी बंद असली तरी पॅकमधला विजेचा दाब पॅकमधेच असतो. म्हणून ईव्हीच्या तळाला अंदाजानं भोक पाडायचं नाही, मग ड्रिल कितीही बारीक असो.

आता खरी गोष्ट ही की भोकांची गरजच नसते. चाकाच्या वर आत जे काळं प्लास्टिक दिसतं, फेंडर लायनर, ते कंपनीनं स्क्रू आणि क्लिपांनी धरलेलं असतं. चाकाच्या मागच्या बाजूला खाली त्यातले एक-दोन स्क्रू सहज दिसतात. चांगला फ्लॅप त्याच स्क्रूंवर बसतो: स्क्रू काढायचा, फ्लॅप मधे घालायचा, जरा लांब स्क्रूनं परत आवळायचा. पुढं स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की चाक बाहेर येतं आणि हात घालायला जागा होते, चाक खोलावं लागत नाही.

शिरोळ_कडचा

आमच्याकडची माती काळी, तुमच्याकडची तांबडी, पण दुखणं एकच. आमचा त्रास पावसाळ्यापेक्षा उसाच्या हंगामात जास्त. शेतातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाहेर पडल्या की टायरची माती डांबरावर सांडते, वर दव पडलं की रस्ता लोण्यासारखा होतो. काळी माती फ्लॅपवर थरावर थर चढवते. आठवड्यातून एकदा तरी पाण्याचा पाईप धरून फ्लॅपच्या आतली बाजू धुवा. बाहेरून कितीही चकचकीत दिसली तरी आत ढेकूळ बसलेलं असतं.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. रस्त्यावर पडलेलं उसाचं पाचट उडून फ्लॅप आणि लायनरच्या मधे अडकतं. ओलं पाचट तिथं कुजतं, ओल धरून ठेवतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून फ्लॅप लायनरला वरपासून खालपर्यंत चिकटवून बसवू नका. खाली बोटभर फट ठेवा, पाणी आणि कचरा निघून जाऊ दे.

पन्हाळा_रोड_ईव्ही

रेंजबद्दल. फ्लॅपमुळं हवेचा अडथळा थोडा वाढतो, यात शंका नाही. पण तो अडथळा वेगाबरोबर वाढतो आणि तुमच्या रस्त्यावर तो वेग येणार कुठून? पुण्याला हायवेनं सतत शंभरच्या आसपास जाणाऱ्यानं त्याचा विचार करावा. गगनबावडा रस्त्यावर टायरमधली हवा दोन-चार पॉइंट कमी असली तर त्यानंच रेंज फ्लॅपपेक्षा जास्त खाल्लेली असते. मी नेक्सॉन ईव्हीला बसवलेत, मला फरक जाणवला नाही.

माझ्या मते मात्र पुढचे दोन आधी बसवा. तुमची दारं आणि दाराखालची पट्टी रंगवतात ती पुढची चाकं. मोटर पुढच्या चाकांना ताकद देते आणि ईव्हीचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळं ओल्या मातीत जरा जोरात पॅडल दाबलं की पुढचं चाक जागच्या जागी फिरतं आणि चिखल भसकन मागं फेकतं. मागची चाकं बंपर, नंबर प्लेट आणि कॅमेरा खराब करतात, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं तोंड. त्या बिचाऱ्यासाठी तरी मागचे बसवाच, पण साडी वाचवायची असेल तर पुढच्यांपासून सुरुवात करा.

रंकाळा_पश्चिम

माझ्या आधीच्या गाडीला एका दुकानदारानं न विचारता दाराखालच्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारले होते. पहिला पावसाळा काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्क्रूभोवती रंग फुगला, नखानं खरवडला तर खालून तांबूस पूड आली. उघड्या पत्र्याला आपल्याकडचा पाऊस सोडत नाही. म्हणून ईव्ही असो वा पेट्रोल, पत्र्याला भोक नको. बसवताना स्वतः शेजारी उभ्या राहा, आणि "जुन्याच पॉइंटवर, नवीन भोक नको" हे काम सुरू व्हायच्या आधी स्पष्ट सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

साळवण_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज स्टीअरिंग वळवून मोबाईलच्या उजेडात बघितलं. पुढच्या चाकाच्या मागं खाली लायनरचे स्क्रू दिसले, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे आहेत. मागं एक स्क्रू आणि एक काळी प्लास्टिकची क्लिप आहे. आमचे हे म्हणतात की मागं जागा अडचणीची आहे, जॅक लावून चाक काढू. तसं चालेल का? आणि फ्लॅप कसले घ्यायचे, जाड रबराचे की प्लास्टिकचे?

उद्यमनगर_फिटर

साहेबांना सांगा, जॅक फक्त कंपनीनं खूण केलेल्या जागीच. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं, दाराखालच्या कडेला चार जागा दाखवलेल्या असतात. बॅटरीच्या तळाला जॅक टेकवला तर अख्ख्या गाडीचं वजन पॅकच्या आवरणावर येतं. ट्रॉली जॅकवाले सवयीनं गाडीच्या मधोमध सरकवतात, तिथं हाताला धरून थांबवायचं. खरं तर मागचं चाकही काढायची गरज नाही. आखूड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि चांदणीच्या टोकाचं टॉर्क्स बिट घेतलं की जमिनीवर बसून होतं. चांदणीच्या खाचेत साधा फुली स्क्रूड्रायव्हर घालू नका, खाच मारली जाते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही.

लांब स्क्रू घ्यायचे ते स्टेनलेसचे, जुना स्क्रू नमुन्याला घेऊन उद्यमनगरात नट-बोल्टच्या दुकानात जा, जाडी आणि आटे जुळवून देतील. लांबी फक्त फ्लॅपच्या जाडीएवढीच वाढवा. उगाच लांब घेतला तर टोक आत कशाला लागतंय ते दिसत नाही, आणि पुढच्या कोपऱ्यात ते आपल्याला नकोच आहे. सोबत रुंद नायलॉन वॉशर घ्या, नाहीतर फ्लॅप हलून हलून भोकाशी फाटतो.

ट्रॉलीला लावतात तसलं जाड रबर कापून लावू नका. ते जड असतं, आणि ते सगळं वजन लायनरच्या प्लास्टिकवर लटकतं. खड्ड्यात झोल खाल्ला की लायनरच उपटून निघतो. साच्यात बनवलेले, जरा लवचिक प्लास्टिकचे घ्या. कडक प्लास्टिक रिव्हर्स घेताना दगडाला अडकलं की तडकतं, लवचिक दुमडून परत सरळ होतं.

पन्हाळा_रोड_ईव्ही

पेट्रोल पंचच्या फ्लॅपबद्दल राहिलं. "बसतात" या शब्दावर पैसे देऊ नका. पंचच्या चाकांच्या कमानीला काळी क्लॅडिंग (बाहेरून लावलेली प्लास्टिकची पट्टी) आहे, फ्लॅपचा बाक तिच्याशी जुळला पाहिजे. सर्व गाड्यांना चालणारे म्हणून जे विकतात ते तिथं उचलल्यासारखे दिसतात आणि वाऱ्यानं फडफडतात. आधी शोरूमच्या ॲक्सेसरीज काउंटरला तुमच्या व्हेरियंटसाठीचे मागा. नाहीच मिळाले तर दुकानात फ्लॅप हातानं गाडीला धरून बघा. भोकं कंपनीच्या स्क्रूशी जुळली तर घ्या, नाहीतर सोडा.

स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आणि फ्लॅपमधे दोन बोटं तरी अंतर राहतं का तेही बघा. मागं माणसं बसली की गाडी खाली बसते, तेव्हा हे अंतर बदलतं. म्हणून घरची दोघं-तिघं मागं बसवूनच तपासा.

शिरोळ_कडचा

बसवायच्या आधी जागा धुऊन, पुसून, पूर्ण वाळवा. फ्लॅपची कड जिथं रंगाला टेकते तिथं पारदर्शक पीपीएफची (रंग वाचवणाऱ्या फिल्मची) पट्टी लावा. मधे अडकलेली बारीक वाळू गाडी हलेल तशी रंग घासत राहते. बरेच लोक सोबत तळाला अंडरकोटिंगही (गंज रोखणारा फवाऱ्याचा थर) मारून घेतात. ईव्हीला ते करायचं असेल तर बॅटरीच्या आवरणावर, कनेक्टरवर आणि नारिंगी वायरींवर फवारा जाता कामा नये. शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच करा.

रंकाळा_पश्चिम

विषय निघालाच आहे म्हणून, ताई. फ्लॅप लावले म्हणजे पाण्यात घालायला गाडी तयार झाली असं घरात कुणाला वाटू देऊ नका. पॅक आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) आहे म्हणतात, ती पाण्याची चाचणी एक मीटर स्थिर पाण्यात तीस मिनिटांची असते. तुमच्या गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला येणारं पाणी वाहतं असतं, ते गाडी उचलून बाजूला नेतं. तिथं पाणी आलं की सरळ मागं फिरा.

साळवण_रोड

मांडुकलीचं पाणी दरवर्षी बघते, तो धोका कधी पत्करणार नाही. शोरूमला फोन केला, पंच ईव्हीचे फ्लॅप मागवून देतो म्हणाले, भोकं न पाडता बसतात असंही सांगितलं. आल्यावर आधी हाताला धरून जुळवून बघेन, मगच घेईन. घरीच बसवायचा विचार आहे. मागच्या क्लिपचं काय करायचं ते मात्र कळलं नाही. ओढून निघेना.

उद्यमनगर_फिटर

ओढू नका, तुटेल. क्लिपच्या मधोमध एक छोटं बटण असतं. काहींत ते चपट्या स्क्रूड्रायव्हरनं वर उचलायचं असतं, काहींत आत दाबायचं असतं. बटण सुटलं की क्लिप हातानं निघते. जुन्या क्लिपा उन्हानं कडक झालेल्या असतात, दोन-चार नवीन आणून ठेवा. फ्लॅपची जाडी वाढल्यावर जुनी क्लिप पुरेशी धरत नाही, तिथं जरा लांब क्लिप लागेल. आणि बसवल्यानंतर एकदा गगनबावड्यापर्यंत जाऊन आलात की चारही कोपऱ्यांचे स्क्रू हातानं तपासा. प्लास्टिक दबतं आणि स्क्रू थोडे सैल होतात. आवळताना फ्लॅप वाकेपर्यंत आवळू नका, वॉशर बसला की थांबा.