टेनिस एल्बो आणि रेडियल शॉकवेव्ह: छाटणीवाल्यांच्या कोपराला गुण का टिकत नाही?

तासगावकर_फिजिओ
नमस्कार मंडळी. क्लिनिकमध्ये हवेच्या दाबावर चालणारं, दुखऱ्या जागेवर ठोके देणारं रेडियल शॉकवेव्ह मशीन आहे. टाचदुखीला गुण चांगला येतो, कोपराचं गणित मात्र बसत नाही. पेशंट बहुतेक द्राक्षबागेत छाटणी-विरळणी करणारे, उजवं कोपर, बाहेरच्या बाजूला दुखणं, तीन-चार महिने उलटलेले. माझं सेटिंग: २.५ बार (हवेचा दाब), १५ हर्ट्झ (सेकंदाला १५ ठोके), २००० शॉक (ठोके), आठवड्याला एक अशा तीन बैठका. दुसऱ्या बैठकीनंतर "बरंय आता" म्हणतात आणि महिन्याभरात पुन्हा दारात. काहींना इतकं दुखतं की हात ओढून घेतात, म्हणून आधी बर्फ लावतो. बार वाढवू, शॉक वाढवू की बैठका? आणि आधी कोपरात इंजेक्शन घेतलेलं असेल तर?

कृष्णाकाठ_पीटी
काही वाढवू नका, आधी बर्फ बंद करा. जागा बधिर केली की दोन तोटे. एक, नेमका दुखरा बिंदू पेशंट सांगू शकत नाही, आणि रेडियलमध्ये तोच तुमचा नकाशा असतो. दोन, भूल देऊन शॉकवेव्ह दिली तर परिणाम कमी होतो हे टाचेवरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. दुखणं आवरायचं ते दाब हळू चढवून. १.२ ते १.५ बारला सुरुवात, पहिले ३००-४०० शॉक तिथेच. मग विचारत विचारत ०.२-०.३ ने वर. दहापैकी पाच-सहा इतकं दुखावं, त्याहून जास्त नको. कोपराला बहुतेकांचं २ ते २.५ बारवर भागतं. हाडावर कातडीच असते, मांस नाही, त्यामुळे टाचेचा आकडा इथे चालत नाही.

१५ हर्ट्झ कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) जास्त होतंय. बऱ्याच मशीनमध्ये वेग वाढवला की प्रत्येक ठोक्याला हवेचा पुरता दाब तयार होत नाही, पडद्यावर २.५ दिसतं, हातात कमी पोचतं. कंडरेवर ८ ते १०, आणि नंतर कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूवर १५ चालेल.

आता जागा. पेशंट बसलेला, कोपर साधारण काटकोनात, हात टेबलावर, तळवा खाली. बरेच जण हँडपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) थेट कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर ठेवतात. मनगट उचलणाऱ्या स्नायूचं मूळ टोकाच्या किंचित पुढे आणि खाली असतं. बोटाने दाबून शोधा, स्केच पेनने खूण करा, भरपूर जेल घ्या, हँडपीस कातडीला काटकोनात धरा. एकाच ठिपक्यावर २००० ठोके न देता रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत फिरवत राहा. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीकडे जाणाऱ्या उलनार नसेच्या खोबणीजवळ हँडपीस जाता कामा नये.

मिरज_ऑर्थो
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी ते कोपर टेनिस एल्बोच आहे का ते बघा. मधलं बोट सरळ ठेवून वरून दाब दिला किंवा मूठ आवळून मनगट उचलताना अडवलं तर हाडाशी दुखायला हवं. दुखरी जागा हाडापासून चार-पाच सेंटिमीटर खाली स्नायूत असेल, रात्री ठणकत असेल, तळवा वर फिरवताना अडवल्यावर दुखत असेल तर रेडियल नस दबल्याचा संशय घ्या. तिथे शॉकवेव्ह ठोकू नका. मान वळवल्यावर कळ हातात उतरते का तेही पाहा. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून काम करणाऱ्यांत मानेचं दुखणं कोपरात बोलतं. "मशीनने गुण आला नाही" या ढिगात अशी कोपरं बरीच निघतात.

इंजेक्शनबद्दल. स्टेरॉइड घेतलेलं असेल तर निदान सहा आठवडे थांबा. शक्यतो ते टोचूच नये या मताचा मी आहे: पहिल्या सहा आठवड्यांत झकास वाटतं आणि वर्षाअखेरीस इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा हेच मागे असतात. हे एकापेक्षा जास्त चाचण्यांत दिसलंय.

आणि एक कटू गोष्ट. शॉकवेव्हचा पुरावा सगळीकडे सारखा नाही. टाचेला चांगला आहे. २००८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत रेडियलच्या तीन बैठका, प्रत्येकी २००० शॉक, दिखाऊ उपचारापेक्षा सरस ठरल्या. खांद्यातल्या कॅल्शियमच्या खड्याला फोकस्ड मशीन (लहर खोलवर एका बिंदूवर एकवटणारं) उपयोगी पडतं. कोपराचे निकाल मात्र उलटसुलट आहेत, २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) फायदा नगण्य निघाला. म्हणून कोपराला ते जोडउपचार म्हणून द्या आणि पेशंटला तसंच सांगा.

गर्भारपण, वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग, वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडांची टोकं: इथे नाही म्हणजे नाही.

सातारा_बायोमेड
मशीनकडेही बघा राव. रेडियल म्हणजे खऱ्या अर्थाने शॉकवेव्ह नव्हे, दाबलहर. नळीत हवेने गोळी पुढे फेकली जाते, ती टोकाच्या धातूवर आदळते, ठोका कातडीत उतरतो. सगळ्यात जास्त जोर कातडीलगतच, खाली तीन-चार सेंटिमीटरपर्यंत विरत जातो. त्यामुळे गोळी किंवा टोक झिजलं की पडद्यावरचा बार नुसता शोभेचा. एका कंपनीचे २ बार दुसऱ्या कंपनीच्या २ बारसारखे लागतील असंही नाही.

ओळखायचं कसं: टणक आवाज जाऊन बद्द आवाज येतो, मधेच ठोका चुकतो, टोक नेहमीपेक्षा जास्त तापतं. हँडपीस उघडून बघा. नळीत काळी भुकटी, रबरी रिंगला चीर, टोकाला खड्डा, यापैकी काहीतरी सापडेलच. जेल आत गेलं तर गोळी चिकटते, म्हणून दिवसाअखेर टोक काढून पुसा. तेल घालू नका, आत कोरडंच हवं. गोळी आणि रिंगा किती लाख ठोक्यांनी बदलायच्या ते मॅन्युअलमध्ये असतं. मशीनचा काउंटर बघून वहीत नोंद ठेवा. हवेत ठोके मारून पेशंटला "बघा कसं वाजतंय" दाखवायची सवय असेल तर ती सोडा, टोक त्यानेच लवकर जातं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, नाहीतर ते पाणी नळीत जातं आणि दाब डळमळतो.

तासगावकर_फिजिओ
काउंटर बघतो. पण मुख्य अडचण वेगळीच. छाटणी टोळीने, एकरावर ठरलेली असते. "पंधरा दिवस हात थांबवा" म्हटलं तर माणूस परत येतच नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीत तर रांग लागते.

कृष्णाकाठ_पीटी
तिथेच गोम आहे. ऐन छाटणीत दुखणं दाबलं जातं, माणूस दुप्पट जोमाने कात्री चालवतो आणि कंडरा पुन्हा उखडते. शॉकनंतर ४८ तास तरी जोराची पकड नको. त्या दोन दिवसांत टोळीत काड्या गोळा करणं, बांधणी असं काम मागून घ्यायला सांगा. मुकादमाला फोन करून सांगितलं तर ऐकतात. जमत नसेल तर बैठका एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या मधल्या महिन्यांत घ्या. सीझनमध्ये नुसता व्यायाम आणि कोपराचा पट्टा. तो पट्टा दुखऱ्या जागेच्या खाली दोन बोटं, स्नायूवर बांधायचा. बरेच जण थेट हाडावर आवळतात.

व्यायाम: पहिले दोन आठवडे मनगट सरळ ठेवून वजन नुसतं धरायचं, ४५ सेकंद, पाच वेळा. पुढे एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन हात टेबलाच्या कडेवर, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १५ चे तीन सेट, दिवसाआड. सोपं गेलं की वजन वाढवा आणि आकडा ८-१० वर आणा. करताना दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको. बारा आठवडे. गोळी खाऊन दुखणं मारायचं नाही. शॉकच्या काळात डायक्लोफिनॅकसारख्या सूज-वेदनेच्या गोळ्या टाळतात.

कात्रीही मागवून बघा. बोथट पातं, कडक स्प्रिंग आणि हाताला मोठी मूठ असली की प्रत्येक काडीला जास्त जोर लागतो. पातं रोज सकाळी धार लावलेलं हवं, जाड काडीला बॅटरीची कात्री.

मिरज_ऑर्थो
आणि मोजा. "बरंय" हे माप नव्हे. पकड मोजायचं यंत्र घ्या, दुखायला लागेपर्यंत किती किलो दाबलं जातं ते पहिल्या दिवशी, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात लिहा, दुसऱ्या हाताचंही. बाराव्या आठवड्यालाही आकडा हललेला नसेल तर चौथी-पाचवी बैठक विकू नका, सोनोग्राफी करा. कंडरा फाटलेली निघाली तर पुढचा रस्ता वेगळा.