राष्ट्रीय पेन्शन योजनेतील (एनपीएस) शेअरचा हिस्सा केव्हा कमी करावा?

प्रश्न : माझे वय ५४ असून टियर-१ (निवृत्तीसाठीच्या मुख्य) खात्यातील ७५ टक्के रक्कम शेअर फंडात आहे. बाजार चढा असतानाच ती सरकारी रोख्यांकडे वळवावी, की साठीपर्यंत थांबावे?

उत्तर : शिखराचा अंदाज बांधत बसू नये. पैसे केव्हा लागणार, हाच निकष धरून दर एप्रिलमध्ये हा हिस्सा थोडाथोडा उतरवत न्यावा. खात्यातल्या खात्यात केलेल्या अशा बदलावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, जी सोय म्युच्युअल फंडात मिळत नाही.

दुसरे उत्तर : सहमत आहे, परंतु साठीला सर्व रक्कम एकदम काढण्याची सक्ती नसून एकरकमी मिळणारा भाग ८५ व्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने घेता येतो, त्यामुळे तेवढ्यापुरते शेअर राहू द्यावेत. ॲन्युइटीसाठीचा (विमा कंपनीकडून नियमित पेन्शन घेण्यासाठीचा) पैसा मात्र आधीच रोख्यांत हलवावा.

प्रश्नकर्ता : ही विभागणी पटली. एप्रिलपासून सुरुवात करतो.