केळीवाल्या बाबांना इंग्लंडमधली कुठली जुनी बाग दाखवू?

रावेरची लेक: नमस्कार मंडळी. मी लेस्टरला असते. जूनमध्ये आईबाबा पहिल्यांदाच येताहेत. बाबांची रावेरला केळीची बाग आहे. वाडे-महाल पाहण्यात त्यांचा जीव रमत नाही, पण चांगलं झाड दिसलं की पाय निघत नाही. एखाद्या जुन्या इस्टेटीची बाग दाखवायची आहे, एका दिवसात जाऊन येण्यासारखी. आईचे गुडघे दुखतात. चॅट्सवर्थ की स्टौरहेड?

डर्बीकर: रावेर म्हणालात, आता दुसरा विचारच नको. चॅट्सवर्थ! तुमच्याकडची बसराई आणि ग्रँड नैन, या दोन्ही केळीच्या जाती कॅव्हेंडिश गटातल्या. कॅव्हेंडिश हे चॅट्सवर्थच्या ड्यूकांचं घराण्याचं नाव. त्यांचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1830 च्या सुमारास मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप मिळवलं, काचघरात वाढवलं, आणि 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं, म्हणजे त्याला केळफूल आलं. बाबांना हे तिथे उभं राहूनच सांगा. तिथल्या काचघरात केळी अजून आहेत, पण ते रोज सगळ्यांना खुलं नसतं. आधी ईमेल करून विचारा.

आईंना दक्षिणेच्या लांब तळ्याकाठी बसवा, तिथे सपाटी आहे. समोर एम्परर कारंजं. 1844 साली रशियाच्या झारसाठी बांधलं, आणि झार आलाच नाही. पंप नाही की मोटार नाही. वर डोंगरावर तळं खोदलंय, तिथून उताराने येणाऱ्या पाण्याच्या जोरावर ते उडतं. पाटाचं पाणी ज्याने आयुष्यभर वळवलं त्याला हे बघताना काय वाटेल, सांगायला नको. बागेतल्या जलपायऱ्यांच्या (पाणी वाहतं त्या दगडी पायऱ्यांच्या) दुरुस्तीचं मोठं काम निघालंय, तेवढं वेबसाइटवर बघून जा.

टेम्सकाठची: बाग म्हणून मला स्टौरहेड जास्त प्रिय आहे. हेन्री होअर या बँकवाल्याने 1740 नंतर ओढ्याला बांध घालून तळं केलं आणि काठाने देवळं उभारली. गावाच्या बाजूने आत शिरलं की पुढे हिरवळीतला दगडी पूल, पाण्यापलीकडे पँथिऑन या देवळाचा घुमट. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिथेच थबकले. पण लेस्टरहून ते फार लांब, एका दिवसात आईंचे हाल होतील. या खेपेला चॅट्सवर्थच करा.

डर्बीकर: आणखी एक. चॅट्सवर्थच्या घरासमोरचं रान आपोआप उगवल्यासारखं दिसतं, पण 1760 च्या दशकात केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने जमिनीचे उतार बदलून, झाडांचे पुंजके लावून ते रचलंय. मला ही त्याची सगळ्यात मोठी करामत वाटते. शेजारचं एडेन्सर गाव (स्थानिक लोक ‘एन्झर’ म्हणतात) घरातून दिसू नये म्हणून हलवलं. ज्यांची घरं गेली त्यांचा विचार मनातून जात नाही. पॅक्स्टनची कबर तिथल्याच चर्चच्या आवारात आहे.

रावेरची लेक: ठरलं, चॅट्सवर्थ! आत्ताच बाबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: "एवढ्या थंडीत केळ निसवली कशी?"

डर्बीकर: कोळशावर! काचघरं भट्ट्या पेटवून उबदार ठेवत. पुढे पॅक्स्टनने 277 फूट लांबीचं भलंमोठं काचघर बांधलं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं थंडीने गेली, आणि 1920 मध्ये ते पाडलं. त्याच्या पायाच्या भिंती अजून आहेत, मधोमध आता हिरवा भूलभुलैया आहे. बाबांना तिथे नक्की न्या.