पावसात क्विल्ट अर्धवट राहिली, पिना गंजल्या आणि डाग पडले... काय करू?

जांभाचिरा (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय, आधीच सॉरी.

मी लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून क्विल्टिंग शिकले, म्हणजे कापडाचे तीन थर एकत्र शिवून रजई करायची. त्याआधी शिवण म्हणजे ब्लाऊज आणि पडद्यांच्या टिपा एवढंच. आता चार वर्षांत सात-आठ क्विल्ट झाल्यात, दोन भाच्यांना दिल्या, एक नणंदेने मागून घेतली. ह्या वर्षी ठरवलं की गणपतीला मुंबईची माणसं यायच्या आत एक मोठी करायची, ६० बाय ८० इंच, आणि डिझाइन आपलंच घ्यायचं, व्हिडिओतल्यासारखं अमेरिकेतल्या धान्याच्या कोठाराचं नाही. तर आमच्या परड्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, घेतला. खालच्या तिसऱ्या भागात जांभ्याचे वेडेवाकडे दगड, तांबडे, विटकरी, मधे एखादा काळपट शेवाळलेला, पट्टी न लावता नुसत्या कात्रीने कापलेले, आणि वरती सगळं सपाट राखाडी आभाळ. जूनचं आभाळ. आमच्या सासूबाई बघून म्हणाल्या, "येवढी जागा मोकळी कित्याक सोडलंस? कापड सरला काय?" त्यांना काय सांगणार, हसले नुसती.

तर वरचा भाग, मधे कॉटन बॅटिंग (आतला कापसाचा जाड थर), खाली मांजरपाटाचं अस्तर असे तिन्ही थर पसरून जूनच्या पहिल्या आठवड्यात सेफ्टी पिना लावल्या. दर चार-चार इंचावर, मोजल्या तर २८० च्या आसपास. मशीनवर मधल्या तीन ओळी मारल्या आणि लावणी सुरू झाली, मग लाईट गेली ती तीन दिवस, मग मशीनचा पट्टा तुटला, मग मीच तापाने पडले. क्विल्ट गुंडाळून कपाटावर. परवा काढली तर अस्तरावर तीसेक ठिकाणी गंजाचे तपकिरी ठिपके, आणि समोर आभाळात दोन, तेही बरोब्बर मध्यावर. रडायचीच बाकी होते. दुकानदाराने स्टीलच्या आहेत सांगून दिल्या होत्या. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, आमच्याकडे खिडकीच्या कड्या गंजतात तिथे पिनांचं काय, हे मला आधी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

डाग कशाने काढू? ब्लीच वापरू का? आणि पावसाळ्यात तुम्ही थर जोडून कसे ठेवता? आणि देवगड ते वेंगुर्ला ह्या पट्ट्यात कोणी करतं का हे, एकटीने करून वीट आलाय, दाखवायला माणूस नाही.

---

गुपचूप_वाचक

एवढे कष्ट करण्यापेक्षा सातशे रुपयात जयपुरी रजई येते की.

---

धावदोरा (कुडाळ)

वरच्यांना जयपुरी रजई लखलाभ.

जांभाचिरा, पहिलं म्हणजे ब्लीचला हातसुद्धा लावू नकोस!! क्लोरीनवाल्या ब्लीचने गंजाचा डाग जात नाही, उलट पक्का बसतो. त्यावरून गरम इस्त्री पण फिरवू नको आत्ता. गंजाला आंबट लागतं. लिंबू आणि मीठ. एरवी मी लिंबू पिळून मीठ भुरभुरून उन्हात टाकायला सांगितलं असतं, पण ऊन कुठाय, तर वाफेवर कर. पेजेचा टोप चुलीवर असतोच, पेज रटरटायला लागली की त्याच्या तोंडावर डागाचा भाग ताणून धरायचा, हात सांभाळून, आणि वरून लिंबाचे थेंब. पाच मिनिटात तपकिरीचं पिवळं आणि पिवळ्याचं नाहीसं होताना दिसतं. मी सासऱ्यांच्या धोतरावरचे खिळ्याचे डाग असेच काढलेत. नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळून काढ, लिंबू-मीठ आत राहता कामा नये. मीठ राहिलं की ते हवेतला दमटपणा ओढतं आणि तो भाग कायम ओलसर लागतो.

पण राखाडीचं मला भ्या वाटतं. मांजरपाट कोरा आहे, त्याला रंगच नाही तर जाणार काय. रंगीत कापड लिंबाने फिकं पडू शकतं. उरलेला तुकडा असेल तर त्याच्यावर आधी करून बघ. आणि कोणी आमसुलाचं आगळ लाव म्हणेल, आंबट आहे म्हणून, तर नको गो बाय, गंज जाईल आणि गुलाबी येईल.

आता वाईट बातमी. त्या तीन ओळी उसव. तिन्ही थर एकत्र असताना भिजवलंस तर मधलं कॉटन ह्या हवेत आठवडाभर वाळणार नाही आणि मग गंजाच्या जागी बुरशीचे डाग मोजत बसशील. सगळ्या पिना काढ, थर सुटे कर, अस्तर वेगळं धू. तीनच ओळी आहेत, तीस असत्या तर मी पण गप्प बसले असते.

आणि पिना कशाला लागतात गं? आमची आई गोधडी घालायची तेव्हा सारवलेल्या जमिनीवर लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार पाट उपडे, एकावर वरवंटा, आणि मोठ्या सुईने कच्चा धावदोरा, वीतभर अंतरावर उभा आणि आडवा. तासाभराचं काम. दोरा गंजत नाही. नंतर मशीन मारून झालं की ओढून काढायचा. तू एवढं गडग्याचं डिझाइन आपलं केलंस तर थर जोडायला पिना कशाला तिकडच्या?

---

चाकरमानी_गिरगाव

धावदोरा काकूंना अनुमोदन, फक्त एक जोड. कच्चा टाका घालताना दोरा पांढरा किंवा फिक्का घ्या. मी एकदा हाताला लागला म्हणून लाल घेतला आणि तो सुटला, क्रीम कापडावर अजून गुलाबी रेघा आहेत. आणि मशीनची सुई पण पावसाळ्यात कापडात टोचलेली ठेवायची नाही, तीही गंजते.

सासूबाईंच्या "कापड सरला काय" वर मी ऑफिसात मोठ्याने हसले. पण त्यांना एक सांगा. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणात जीज बेंड म्हणून वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायका पिढ्यान् पिढ्या शेतातल्या जुन्या पँटी, शर्ट, पिठाच्या पिशव्या फाडून रजया करायच्या, थंडीसाठी, शोभेसाठी नव्हे. मोठमोठे सपाट पट्टे, तिरके तुकडे, मधेच एक न विटलेलं निळं, कारण तिथे आधी खिसा किंवा ठिगळ होतं. २००२ साली त्या रजया ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भिंतीवर टांगल्या, मग न्यूयॉर्कला व्हिटनी म्युझियममध्ये, आणि लोक म्हणायला लागले ही तर मॉडर्न आर्ट आहे. २००६ ला तिकडच्या पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. हे सगळं मॉडर्न क्विल्ट गिल्ड, म्हणजे नव्या पद्धतीच्या क्विल्ट करणाऱ्यांची तिकडची संघटना, निघायच्या आधीचं, ती २००९ ची. त्यांचं पहिलं क्विल्टकॉन, म्हणजे क्विल्टचं संमेलन, तर २०१३ ला ऑस्टिनला झालं. मोकळी जागा, सपाट रंग, बिनपट्टीचं कापणं हे आत्ता ज्याला आपण मॉडर्न म्हणतो ते त्या बायकांनी कापड सरलं म्हणूनच केलेलं असणार कितीतरी वेळा. त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे :)

माझं रडगाणं वेगळं. दहा बाय बाराच्या खोलीत ६० बाय ८० पसरायला जागाच नाही, मी नवरा कामावर गेला की पलंग उभा करते. तुमच्याकडे पडवी आहे, माझी जळते.

---

खाडीपलीकडे (माहेर कारवार, सासर सावंतवाडी)

मला एक वेगळंच सुचवायचंय, ह्या क्विल्टसाठी नाही पण पुढच्यासाठी. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हळियाळकडे सिद्दी लोक आहेत, मूळ आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी करतात. मी लहानपणी बघितलीय आणि आता हाताने शिकतेय. त्यात थर आधी जोडून ठेवायची भानगडच नाही. खाली एक जुनी साडी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, तुकडा ठेवला, कड आत दुमडली, धावदोऱ्याने शिवला, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवून ठेवला, शिवला. म्हणजे तुकडे जोडणं आणि क्विल्टिंग एकाच टाक्यात होतं. चारी कडांनी फिरत फिरत आत यायचं, शेवटचा तुकडा मध्यावर. आधी कागदावर काही काढत नाहीत. बाळाच्या रजईसाठी तर फार सुंदर. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून छोटी फुलं लावतात, ती नसली तर कवंदी पुरी झाली असं मानतच नाहीत.

क्विल्टिंगच्या व्हिडिओत सगळे ओरडतात मधून सुरू करा, मधून सुरू करा, नाहीतर चुण्या पडतील. मशीनवर खरं आहे, दाबाने कापड पुढे सरकत जातं. पण हातात एक-एक टाका घालताना आपण दर वेळी तळव्याने कापड सारखं करतोच, त्यामुळे कडेकडून आत आलं तरी चालतं. एकदम उलटी पद्धत आणि दोन्ही बरोबर.

सावंतवाडीहून देवगड जरा लांब, पण कणकवलीत भेटायचं असेल तर मी येईन. आमच्याकडे अजून दोघीजणी आहेत, एक खणाच्या चिंध्या साठवते फक्त, शिवत काही नाही, पण चिंध्या मस्त असतात.

---

जांभाचिरा

नऊ दिवसांनी लिहितेय, अपडेट.

तीन ओळी उसवल्या. दोन संध्याकाळ गेल्या, लाईट नव्हती म्हणून चार्जिंगच्या दिव्यात. धावदोरा काकू, मनात तुम्हाला बरंच बोलले, पण थर सुटे केल्यावर बघितलं तर कॉटन खालच्या बाजूने आधीच दमट लागत होतं, हाताला थंड. तसंच ठेवलं असतं तर गेलीच होती. ते आता दोरीवर, खाली शेगडी ठेवून.

अस्तराचे डाग पेजेच्या टोपावर धरले. पहिल्या वेळी कापड पेजेतच बुडालं, सासूबाई म्हणाल्या आता खळ पण झाली. पण गेले! तीसपैकी चार-पाच फिकट पिवळे राहिलेत, ते खालच्या बाजूला, मला चालतात. राखाडीच्या तुकड्यावर करून बघितलं आणि तुमचं भ्या खरं निघालं, लिंबू पडलं तिथे नाण्याएवढा गोल पिवळट पांढरा. मग आभाळातल्या डागांना लिंबू लावलंच नाही.

त्यांचं काय करायचं ह्यावर दोन दिवस विचार केला. बगळे लावू का, ढग लावू का, सगळं गोडगोड वाटायला लागलं. शेवटी उरलेल्या विटकरी कापडाचे दोन दगड कापले, कडा दुमडून त्या दोन डागांवर हाताने शिवून टाकले. म्हणजे खाली गडगा आणि वर आभाळात सुटलेले दोन दगड. नवरा म्हणाला हे काय, दगड उडतायत? म्हटलं बाहेर जाऊन बघ. गेल्या आठवड्यात आमच्या खऱ्या गडग्याचे दोन दगड पाण्याने सुटून पाणंदीत पडलेत आणि हा अजून लावत नाहीये.

आता पाट, वरवंटा, पांढरा दोरा. काल सासूबाई स्वतःहून येऊन बसल्या आणि समोरच्या बाजूने टाके घालत आल्या. त्यांचा टाका माझ्याहून बारीक आणि सरळ, मी गुपचूप माझे दोन उसवून परत घातले. गणपतीच्या आत गोट लागेल असं वाटत नाही. मुंबईची माणसं कच्च्या टाक्यासकट बघतील.

खाडीपलीकडे, कणकवली चालेल. पण पहिल्यांदा सगळ्या आमच्याकडेच या, पडवी मोठी आहे, कवंदी तिथेच शिकवा. अनंतचतुर्दशी झाल्यावरचा पहिला गुरुवार? शेवटची एसटी लवकर सुटते तर सकाळीच या. काकू तुम्ही पण. चाकरमानी, तू गणपतीला गावी येतच असशील तर रजा चार दिवस वाढव. चिंध्यावाल्या बाईंना नक्की आणा, न शिवता आल्या तरी चालेल. सुई-दोरा आपापला आणा, पिना कोणीही आणू नका.