शब्दचर्चा : कृपा, दया, माफी, न्याय, समन्यायी

विचारणा, जालना

आमच्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) दफनभूमीच्या कुंपणासाठी आणि तिथवरच्या रस्त्यासाठी पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचं आहे. मसुद्यातल्या एका वाक्यावर अडून बसलो आहोत. तरुण संघातल्या मुलांनी लिहिलं, ‘आम्हाला न्याय मिळावा.’ वडीलधाऱ्यांना हा शब्द कडक वाटतो. त्यांनी सुचवलं, ‘आमच्या समाजावर कृपादृष्टी ठेवून मदत करावी.’ ख्रिस्ती माणसाच्या तोंडी नम्रता शोभते, असं त्यांचं म्हणणं. मुलं म्हणतात, नम्र असणं वेगळं आणि हात पसरणं वेगळं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून निवाडा माझ्यावर सोपवला आहे.

कृपा, दया, सेवा, न्याय हे शब्द आम्ही रविवारी उपासनेत म्हणतो आणि निवडणूक आली की सभेतही तेच ऐकतो. दोन्हीकडे अर्थ तोच असतो का? आणि जायकवाडीच्या पाण्यामुळे आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी बसलेला ‘समन्यायी’ इथे चालेल का?

उत्तर, छत्रपती संभाजीनगर

ताई, मी मुलांच्या बाजूचा आहे. नम्रता सोडावी असं मला म्हणायचं नाही. ‘कृपादृष्टी’ हा शब्द त्या जागेचा नाही.

ख्रिस्ती मराठीत कृपा म्हणजे देवाचं असं देणं, जे कोणी कमावलेलं नसतं आणि ज्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही. सरकारी निधी तसा नसतो. तो लोकांच्या करातून येतो, अर्थसंकल्पात मांडला जातो, विधिमंडळ तो मंजूर करतं. तो मागताना ‘कृपादृष्टी’ म्हटलं की मंत्र्याला देवाच्या जागी बसवल्यासारखं होतं. वडीलधाऱ्यांना हे याच अंगानं सांगून पाहा. ज्यांना या शब्दाची किंमत सगळ्यांत जास्त ठाऊक, त्यांनी तो कचेरीच्या दारात नेऊन ठेवू नये. (‘कृपया’ची गोष्ट निराळी. तो झिजून नुसता शिष्टाचार उरला आहे, खुशाल लिहा.)

‘दया’चं जास्त वाईट झालं आहे. आजच्या बोलण्यात दया वरून खाली येते. ‘दुसऱ्याच्या दयेवर जगणं’ म्हणतो, फाशीच्या कैद्याचा ‘दयेचा अर्ज’ म्हणतो. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (बोधकथेत) मात्र दया अशी नाही. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस पडला आहे. याजक बाजूनं निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, निघून जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला त्या काळचे यहुदी कमी लेखत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत स्वतः शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो आणि जास्तीचा खर्च परत येताना फेडीन असं सांगतो. इथे दया करणारा समाजाच्या उतरंडीत खालचा आहे. आणि ती मनातली कळवळ नाही, हातानं आणि पदरच्या पैशानं केलेलं काम आहे. ‘माझा शेजारी कोण?’ असं शास्त्र्यानं विचारलं होतं. येशूनं प्रश्न फिरवून विचारलं, त्या माणसाला शेजारी कोण झाला? म्हणजे ‘शेजारी’ हा शब्दही भिंतीला भिंत लागलेल्या माणसापुरता राहिला नाही.

आता ‘न्याय’. बायबलच्या जुन्या करारात न्याय म्हटलं की विधवा, अनाथ आणि उपरी ही तीन माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात. यातल्या ‘उपरी’कडे सगळ्यांनी जरा थांबून पाहावं असं मला फार वाटतं. आज त्याचा अर्थ आपण परका, बाहेरचा एवढाच घेतो. मराठी महसुलाच्या जुन्या भाषेत मात्र मिरासदार आणि उपरी अशी जोडी होती. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी नुसता कसणारा, कधीही उठवता येईल असा. १९व्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्रींनी तुमच्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. मिशनकडे आलेल्यांत मांग आणि महार समाजातली, जमिनीचा तुकडा नावावर नसलेली माणसं बरीच होती. ‘उपऱ्याचा न्याय विपरीत करू नका, कारण तुम्हीही मिसर देशात उपरी होता’ अशा आशयाची आज्ञा त्यांच्या कानावर पडली असेल, तेव्हा त्यांना ती दूर देशातली वाटली नसणार. आपलीच गोष्ट कोणीतरी देवाच्या तोंडून सांगतं आहे, असं वाटलं असेल.

आणि हा हिशोब अजून मिटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. याविषयी बोलताना आपलीच माणसं ‘सवलत’ म्हणतात. सवलत म्हणजे नियमात दिलेली ढील. जातीमुळे झालेल्या अन्यायाची भरपाई ही ढील नव्हे. तिथेही ‘हक्क’ किंवा ‘न्याय’च म्हणावं.

व्याकरणाचं थोडक्यात. माणूस न्यायी असतो, मागणी न्याय्य असते, चौकशी न्यायिक असते. मोर्चाच्या फलकांवर ‘आमची न्यायिक मागणी’ लिहिलेलं दिसतं, ते चूक. ‘न्याय्य’मध्ये दोन य आहेत, छापखान्यात एक गळतो. तुमच्या निवेदनात मी असं लिहीन : ‘इतर समाजांच्या अंत्यविधीच्या जागांना मिळणाऱ्या सुविधा या दफनभूमीलाही मिळाव्यात, ही आमची न्याय्य मागणी आहे.’ कशाच्या तुलनेत न्याय हवा ते सांगितलं की शब्द कडक वाटत नाही, नेमका वाटतो.

पुरवणी, त्याच ठिकाणाहून

एक राहिलं. ‘पालकमंत्री’तला पालक आणि मंडळीचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, एकाच धातूतून आले आहेत. एक शब्द संस्कृताच्या वळणाचा राहिला, दुसरा मराठीत ळ घेऊन बसला. अर्थ मात्र दूर गेले. पाळकाच्या मागे मेंढपाळाचं चित्र आहे, हरवलेल्या एकासाठी नव्याण्णव सोडून जाणाऱ्याचं. पालकमंत्र्याच्या शब्दात जनता लेकरू होते. मोठ्या, मतदान करणाऱ्या माणसांना लेकरू समजणारा शब्द राज्यकारभारात नसावा असं माझं मत आहे, पण तो आता रूढ आहे आणि निवेदनावर तोच लिहावा लागेल.

उत्तर, बीड

सरांनी ‘कर्जमाफी’ घ्यायला हवी होती. आमच्याकडे दर निवडणुकीत हाच शब्द फिरतो.

माफी गुन्ह्याची असते. पाऊस आला नाही, कापसाला भाव मिळाला नाही, यात शेतकऱ्यानं काय गुन्हा केला? शेतकरी संघटनेनं म्हणूनच ‘कर्जमुक्ती’ हा शब्द लावून धरला. पुढे सरकारनंही तो घेतला. २०१९ च्या योजनेचं नावच ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’ असं आहे. बातम्यांमध्ये मात्र अजून माफीच चालते.

तुमच्या प्रभूच्या प्रार्थनेत याहून चांगला प्रयोग आहे. मी ख्रिस्ती नाही, मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली म्हणून ती पाठ झाली. जसं आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना ऋण सोडलं तशी तू आमची ऋणं सोड, असं तिथे देवाजवळ मागतात. ‘सोडणे’. गाठ सुटावी तसं. शिवाय मागणारा आधी सांगतो की मीही कोणाचं तरी सोडलं आहे. पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी असा नियमही शास्त्रात असल्याचं तिथल्या पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं होतं. राज्यकर्त्यानं ऋणाकडे कसं पाहावं याबद्दलचा हा फार जुना विचार आहे, आणि त्यात शेतकऱ्याला कुठे खाली मान घालायला लावलेली नाही.

ऊसतोडीत याच्या उलट चालतं. मुकादम हंगामाआधी ‘उचल’ देतो. शब्द किती हलका, जणू ठेवलेलं काही उचलून घेतलं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो आणि तो कोयता उचल फिटेपर्यंत बांधलेला असतो. माणसांची मोजणी हत्याराच्या नावानं होते. पश्चिम महाराष्ट्राच्या फडावर ही माणसं सरांनी सांगितलेल्या अर्थानं उपरीच असतात : पाल दुसऱ्याच्या रानात, रेशन गावाकडे, पोरांची शाळा अर्ध्यात सुटलेली.

उत्तर, पैठण

‘समन्यायी’बद्दल मी लिहितो, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, कडेला राहतो म्हणून.

हा शब्द घरोघरी गेला तो २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यामुळे. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी तूट वाटून घ्यावी, असं त्याचं सूत्र. आपल्याकडे अर्थ एवढाच होतो : वर नाशिक-नगरची धरणं भरली आणि खाली जायकवाडी कोरडं राहिलं, असं होता कामा नये. पाणीवाटपाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं त्याचं गणित मांडलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे ही टक्केवारी किती गावांच्या पिण्याच्या पाण्याची आहे ते कळेल.

समान आणि समन्यायी एक नव्हेत. समान वाटप म्हणजे सगळ्यांना सारखं माप. समन्यायी म्हणजे गरज आणि उपलब्धता पाहून असं वाटप, की तुटीचा भार एकट्याच्या डोक्यावर पडू नये. भाषणात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग वरचे शेतकरी रास्तच विचारतात, आमचं क्षेत्र वेगळं, पीक वेगळं, सारखं कसं वाटता?

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यानं न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हटलं आहे, ते आमच्या चर्चमध्ये दुष्काळाच्या वर्षी वाचलं जातं. बाहेरच्याला ती उपमा वाटेल. इथे गोदावरीच्या काठी ती अगदी शब्दशः लागू पडते.

एक शंका. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दिनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एकच. हे समन्यायी म्हणायचं का? राबलेला कुरकुरला, त्याचं मला पटतं.

उत्तर, छत्रपती संभाजीनगर

दादा, शंका खरी आहे. एक दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी, म्हणजे घर एक दिवस चालेल इतके पैसे. उशिरा आलेले आळशी नव्हते. ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही’ हे त्यांचं उत्तर आहे. नाक्यावर दुपारपर्यंत उभा राहिलेला मजूर ज्यानं पाहिला आहे, त्याला ते समजतं. त्याच्या घरी चूल तेवढीच पेटायची असते. त्या अर्थानं गरजेप्रमाणे दिलं गेलं, आणि राबलेल्याचं ठरलेलं कापलंही नाही.

पण हा दाखला सरकारला जसाच्या तसा लावू नये. मळ्याचा धनी म्हणतो, माझं आहे त्याचं मी मला वाटेल तसं करीन. तिजोरी मंत्र्याची नसते, त्यामुळे हे वाक्य मंत्र्याला म्हणता येत नाही. मराठवाड्यानं हे फार सोसलं आहे. आपण महाराष्ट्रात बिनशर्त आलो असं अभिमानानं सांगतो, आणि पुढे ‘अनुशेष’ हा शब्द शिकावा लागला. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नं राज्यपालांवर टाकता येते. त्याखाली १९९४ मध्ये विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. अनुशेष म्हणजे द्यायचं राहिलेलं. ते देताना कोणी ‘मराठवाड्याला मदत’ म्हणालं तर तिथेच टोकावं. बहिणीचा जमिनीतला हिस्सा अडकवून ठेवायचा आणि दिवाळीला साडीचोळी करायची, यातला प्रकार आहे तो. साडीचोळी प्रेमाची असेलही, हिस्सा त्यानं फिटत नाही.

उत्तर, नांदेड

ताई, निवेदनात ‘ख्रिस्ती मूल्यांनुसार’ असं घालू नका. मंत्र्यानं ती मूल्यं पाळावीत अशी सक्ती नाही, आणि न्याय मागायला ती पुढे करण्याची गरजही नाही. धर्माच्या नावानं मत मागायला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) मनाई करतं. निवेदनाला ते लागू नाही, पण त्यामागचा विचार चांगला आहे. रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणारे तुकोबा याच भाषेतले. पालकमंत्र्याला त्याच्याच घरच्या शब्दात सांगता येईल.

मूल्यं मतदारानं स्वतःसाठी ठेवावीत. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे शास्त्रात आहे. मदतीच्या पिशवीवर स्वतःचा फोटो छापणाऱ्याला मत देताना ख्रिस्ती माणसाला ते आठवलं पाहिजे.

उत्तर, लातूर

‘लाभार्थी’ हा शब्द कोणी घेतला नाही. लाभ इच्छिणारा तो लाभार्थी. घरकुल, पेन्शन, शिधा, सगळीकडे आता हाच. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर आमच्या भागात शब्द होते भूकंपग्रस्त, पुनर्वसन, दत्तक गाव. ग्रस्त म्हटलं की काय झालं ते कळतं. लाभार्थी म्हटलं की फक्त काय मिळालं ते कळतं.

वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीत शब्द फार जपून वापरलेले होते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीनं खडी फोडली ती कोणाच्या उपकारावर नव्हे. १९७७ च्या कायद्यानं त्या कामाला ‘हमी’ म्हटलं. आजही ग्रामपंचायतीत काम हवं म्हणून अर्ज भरून देतात, त्याला ‘कामाची मागणी’ म्हणतात. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. म्हणून मजुरानं पोच मागून घ्यायची आणि तिच्यावर तारीख आहे ना, तेवढं बघायचं.